चौघांची एकच चूक

१

संशोधिका गेली ती मंगळवारी दुपारी, ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, उघड्या पुस्तकांवर डोकं टेकून. मुद्रितशोधकाला ते कळलं गुरुवारी सकाळी. तेही तिचा धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहिला म्हणून. एरवी त्याला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नसतं, आणि कळवावं असं काही नातंही नव्हतं.

तो तेव्हा तिच्याच पुस्तकाची प्रुफं तपासत बसला होता. अकरा वर्षं ती चार आधुनिक कवींवर लिहीत होती आणि गेली दोन वर्षं एकेक प्रकरण त्याच्याकडे येत होतं. भेटी झाल्या असतील चार-पाच. बाकी सगळं बोलणं कागदाच्या समासात. तो पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह टाकायचा, ती खाली हिरव्या शाईत उत्तर द्यायची. कधीमधी उत्तराखाली ‘जेवलात का?’ असंही लिहायची. बायको जाऊन चौदा वर्षं झालेल्या माणसाला हे विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

भाऊ मोजणी खात्यात नोकरीला होता. सरळ बोलणारा, उन्हानं रापलेला माणूस. पाणी दिलं तर ते तसंच हातात धरून बसला.

“हृदय बंद पडलं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काका, ताईचा एक कागद गायब आहे.”

“कसला कागद?”

“त्या दिवशी दुपारी साडेबाराला तिचा फोन आला. कामाच्या वेळी ती कधी फोन करायची नाही. म्हणाली, ‘सापडला रे! चौघांना बांधणारा धागा सापडला. अकरा वर्षं मी भलत्याच ठिकाणी शोधत होते. सगळा एका कागदावर मावला बघ.’ मी म्हटलं, संध्याकाळी येतो, दाखव. तिची पिशवी मिळाली, चष्मा मिळाला, वह्या मिळाल्या. टाचण्यांची डबीसुद्धा मिळाली. कागद तेवढा नाही.”

“मग पोलिसांकडे...”

“कागदासाठी? हसतील मला. तुम्ही तिचं ओळ न् ओळ वाचलंय. आणि ती म्हणायची, तुमच्या नजरेतून काना-मात्रा सुटत नाही.” त्यानं पेला खाली ठेवला. “तिच्या हाताखालून कुणीतरी तो कागद काढून घेतलाय. ती जिवंत असताना घेतला, की नंतर, एवढं तरी मला कळलं पाहिजे.”

मुद्रितशोधकानं पेन्सिल प्रुफांवर ठेवली आणि खुंटीवरचा कोट काढला.

२

ग्रंथालय एका जुन्या संस्थेचं होतं. तळमजल्यावर देवघेवीचा काउंटर, वर वाचनकक्ष. कक्षात सहा लांब टेबलं, एक भिंतीवरचं घड्याळ आणि बाहेरच्या चौकातला आवाज गाळून घेणाऱ्या उंच खिडक्या. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पाटी होती, सुबक अक्षरांत हातानं लिहिलेली: ‘वाचनकक्षात अनाहूत शांतता राखावी.’

मुद्रितशोधकाची बोटं सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेली. अनाहत म्हणायचं असावं. अनाहूत म्हणजे न बोलावता आलेला. पाहुणा अनाहूत असतो, शांतता कशी असेल? पण भिंतीवरच्या चुका दुरुस्त करायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

काउंटरवरच्या बाईंना सगळे नुसतंच ‘बाई’ म्हणत. एकसष्टीच्या, शिडशिडीत, केस घट्ट बांधलेले. निवृत्त होऊनही संस्थेनं त्यांना ठेवून घेतलं होतं, कारण कुठलं पुस्तक कुठे आहे हे बाईंना डोळे मिटून सांगता यायचं.

“मॅडम अकराला आल्या,” बाई म्हणाल्या. “वर तेव्हा प्राध्यापक होते, ते दीडला गेले. मग दोनला घड्याळजी आले. दर मंगळवारी ते भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला येतात. वीस मिनिटांत गेले. तीनच्या सुमाराला मी वर गेले, तर मॅडम अशा...” बाईंनी मान तिरकी केली आणि लगेच सरळ केली.

“टेबलावर काय होतं?”

“चार कवितासंग्रह. चौघांचे.”

ते चौघे मुद्रितशोधकाला चांगले ठाऊक होते. चौघेही आपापल्या गावी, आपापल्या धंद्यात, आणि लोक त्यांना धंद्याच्याच नावानं ओळखत. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. तार ऑफिसातला तारबाबू. मुलींच्या शाळेतली गणितवाली. आणि घड्याळजी, म्हणजे हेच, मंगळवारी चावी द्यायला येणारे. पहिले तिघे वारले होते. घड्याळजी तेवढे हयात होते आणि याच गावात दुकान चालवत होते. चौघं एकमेकांना कधी भेटले नाहीत, एकमेकांबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत. चौघांनीही तरुणपणी एकेक पुस्तक लिहिलं, मग कित्येक वर्षं गप्प राहिले, आणि मग अचानक, दोनेक वर्षांच्या आतबाहेर, चौघांचंही दुसरं पुस्तक आलं. पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं. ते का, हेच संशोधिका अकरा वर्षं शोधत होती.

“मंगळवारच्या मागणीच्या चिठ्ठ्या बघू?” त्यानं विचारलं.

बाईंनी वर्षभराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला, मंगळवारच्या सगळ्यांत वर. चिठ्ठ्यांवर छापील क्रमांक होते. एक्केचाळीस ते चव्वेचाळीस संशोधिकेच्या, चार संग्रहांच्या. शेहेचाळीस प्राध्यापकांची, वेळ सव्वाबारा.

“पंचेचाळीस?”

“एखादी चिठ्ठी खराब होते,” बाई म्हणाल्या. “फाडून टाकतो.”

त्या रजिस्टरकडे वळल्या. मुद्रितशोधकानं गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. पंचेचाळीस सोडला तर वर्षभरात एकही क्रमांक गळलेला नव्हता.

३

प्राध्यापकही त्याच चार कवींवर लिहीत होते, आणि संशोधिकेच्या आधी त्यांना पुस्तक काढायचं होतं, हे लपून राहिलेलं नव्हतं. त्यांनी मुद्रितशोधकाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. वर्गाची सवय.

“समान धागा! अहो, त्यात शोधायचं काय आहे? एकटेपण. चौघंही एकटे राहिले, खालच्या पगारावर राहिले, सत्तेपासून लांब राहिले. मी हे वीस वर्षांपूर्वीच मांडलंय.”

“मग मॅडमना ते का पटत नव्हतं?”

“त्यांचं म्हणणं, एकटी माणसं गल्लोगल्ली आहेत, ती काही कविता लिहीत नाहीत.” प्राध्यापक नाखुशीनं हसले. “वाद घालायला त्या मोठ्या तयार होत्या हो. आता वाद तरी कुणाशी घालायचा?” ते खिडकीपाशी गेले. पाठ फिरवून म्हणाले, “खरं सांगू? तो कागद मी पाहिला. दीडला निघताना त्यांच्या मागून गेलो आणि मुद्दाम डोकावलो. लाज वाटते सांगायला.”

“काय होतं त्यावर?”

“तक्ता. चौघांचे चार रकाने, खाली ओळी. आई लहानपणी वारली, लग्न नाही, नोकरी, आजार, अशा. आणि एकेक ओळ खोडलेली. माझं एकटेपणसुद्धा खोडलेलं! शेवटच्या ओळीत चारही रकान्यांत एकच शब्द होता, त्याच्यावर त्यांचा अंगठा. सुरुवातीची दोनच अक्षरं दिसली. ‘अना’.”

“अना?”

“अनाथ, दुसरं काय! मी घरी येऊन त्यावर चार पानं लिहिलीसुद्धा. काल लक्षात आलं की गणितवालीचे वडील नव्वद वर्षं जगले आणि शेवटपर्यंत तिच्याकडेच होते. सगळी पानं टोपलीत टाकली.”

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. चोरलेला कागद ज्याच्या हातात आहे तो दोन अक्षरांवर चार पानं कशाला लिहील?

“टेबलावर आणखी काही पाहिलंत?”

“पुस्तकं. आणि एक पत्र्याची पेटी. तारबाबूंच्या भाचीनं त्यांची कागदपत्रं संस्थेला दिली, ती बहुतेक.”

मुद्रितशोधक उठता उठता थबकला. बाईंनी चार पुस्तकं सांगितली होती. पेटीचं नावही काढलं नव्हतं.

“घड्याळजींना भेटलात का?” प्राध्यापक दारापर्यंत आले. “बघा काही बोलले तर. विचित्र माणूस. पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या शहरातलं चालतं दुकान बंद करून इथे आला. इथे ना नातेवाईक, ना ओळख. का आलात म्हणून विचारलं की थट्टेवारी नेतो.”

४

घड्याळजींचं दुकान पोस्टाच्या अगदी समोर होतं. दोन माणसं उभी राहिली की भरणारं. चौऱ्याहत्तरीचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका बायकी घड्याळाच्या पोटात डोकावत होते. भिंतीवरच्या चाळीस घड्याळांत चाळीस वेगवेगळ्या वेळा होत्या.

“यातलं बरोबर कुठलं?” मुद्रितशोधकानं विचारलं.

“जे दुरुस्तीला आलेलं नाही ते. ते घरीच असतं.” त्यांनी भिंग काढलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही मुद्रितशोधक ना? माझ्या दुसऱ्या पुस्तकाची प्रुफं तुम्हीच वाचली होती. फार टोचायची तुमची पेन्सिल.”

“मंगळवारी दोन वाजता मॅडम ठीक होत्या? त्यांचा एक कागद मिळत नाही.”

“खुशीत होत्या. कपाळाला घाम होता थोडा. मी म्हटलं, पंखा लावू का? म्हणाल्या, कागद उडेल.” घड्याळजी खाली बघत बोलत होते. “मी निघालो तेव्हा कागद त्यांच्या हाताखाली होता. मी घेतला नाही. मला काय करायचाय?”

“काही विचारलं का त्यांनी?”

“विचारलं ना. या गावात का आलात.”

“मग?”

“म्हटलं, इथली घड्याळं मागे पडतात.”

“आणि खरं काय?”

घड्याळजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. “माणूस कुठेतरी राहायचाच. मी इथे राहिलो.” मग मुद्रितशोधक पायरी उतरत असताना मागून म्हणाले, “ग्रंथालयातल्या बाईंना फार छळू नका. त्यांनी काही केलेलं नाही.”

मुद्रितशोधक वळला. त्यानं बाईंचा शब्दही काढला नव्हता.

५

घरी येऊन त्यानं चहा ठेवला आणि कपाटातून चार पुस्तकं काढली. चौघांची दुसरी पुस्तकं एकाच छापखान्यात छापली गेली होती आणि चारही त्यानंच तपासली होती. ‘अना’नं सुरू होणारा शब्द. त्याला पान शोधायला फार वेळ लागला नाही.

कंपाउंडरचं पुस्तक:

बाटली धुऊन पालथी घातली,
तळाशी उरला अनाहूत नाद.

तारबाबूचं:

तारायंत्र कापडाखाली झाकलं,
तरी बोटांत अनाहूत नाद.

गणितवालीचं:

बाकी शून्य. आणि शून्याच्या पोटात
अनाहूत नाद, हातचा धरलेला.

घड्याळजींचं:

काटे काढून ठेवले बशीत,
आत चालूच अनाहूत नाद.

चहा उतू गेला तरी तो जागचा हलला नाही. त्याला आता सगळं लख्ख आठवलं. मूळ शब्द ‘अनाहत’, कशावरही न आपटता उमटलेला. चारही वेळा त्यानं समासात ‘अनाहत?’ असं लिहिलं होतं, आणि चारही वेळा कवीनं ते खोडून ‘असंच हवं’ म्हणून परत पाठवलं होतं. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी गावं. त्याला वाटलं होतं, कवी म्हटला की हट्ट आलाच.

पण त्याच्या धंद्यात एक गोष्ट पक्की होती. छापायचा मजकूर खिळ्याखिळ्यानं जुळवणाऱ्या दोन जुळाऱ्यांचे बरोबर शब्द सारखे निघाले तर त्यातून काहीच कळत नाही, बरोबर शब्द सगळ्यांचेच सारखे असतात. चूक सारखी निघाली, की समजायचं, दोघांच्या पुढ्यात मूळ प्रत एकच होती.

चौघांच्या पुढ्यात कुठली प्रत होती? एकमेकांची पुस्तकं नव्हेत, कारण चौघांचीही हस्तलिखितं छापखान्यात जवळजवळ एकदमच पडून होती, कुणी कुणाचं वाचणं शक्य नव्हतं. म्हणजे काहीतरी पुस्तक व्हायच्या आधीचं. खासगी. पत्र! तारबाबूच्या पत्र्याच्या पेटीत असेल असं.

मग बाकीचं एकापाठोपाठ जुळत गेलं. पेटी मागितल्याची चिठ्ठी म्हणजे क्रमांक पंचेचाळीस. ती गठ्ठ्यातून काढणं आणि पेटी कपाटात परत ठेवणं काउंटरवरच्या माणसालाच जमलं असतं. मोठ्या शहरातलं दुकान मोडून घड्याळजी या गावात आले, पोस्टासमोर बसले, कारण निनावी पत्रावर नाव नसलं तरी गावाचा शिक्का असतो. आणि संशोधिकेनं पेटीतलं पत्र वाचून मान वर केली असेल, तेव्हा समोर भिंतीवर तेच अक्षर होतं, तीच चूक. अकरा वर्षं ती त्या पाटीसमोर बसली होती.

मुद्रितशोधकानं गॅस बंद केला. चोर कोण ते कळलं होतं. चोरी का झाली ते कळत नव्हतं. चार कवींना कवितेकडे परत आणलं म्हणून कुणी तोंड लपवतं का?

६

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडलं तेव्हा तो दारात होता. बाई कुलूप काढत होत्या.

“बाई, भिंतीवरची पाटी कुणी लिहिली?”

बाईंचा किल्लीवरचा हात थांबला. त्यांनी दार ढकललं आणि त्या वर गेल्या. संशोधिका बसायची त्या जागेच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

“याच खुर्चीत बसवलं होतं मला त्यांनी,” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं मी इथे पुस्तकं आणून देते. बसले कधी नव्हते. घड्याळजी गेल्यावर त्यांनी मला वर बोलावलं, हात धरला. पेटीतलं पत्र पुढ्यात ठेवून म्हणाल्या, ‘बाई, हे तुमचंच ना?’”

“तुम्ही लिहिलेलं.”

“सत्तावीस वर्षांची होते मी. कवितांची पुस्तकं कुणी नेत नसे. कार्डं कोरीच्या कोरी. मी घरी न्यायचे, वाचायचे. घरी तरी कोण होतं? आई आणि तिचा खोकला. एका पुस्तकानं मला इतकं गदगदा हलवलं, की प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. मग दुसऱ्याला. मग चौघांना, कितीतरी वर्षं. नाव-पत्ता कधी दिला नाही. उत्तर नकोच होतं मला. उत्तर आलं की मागोमाग माणूस येतो.”

“आणि चौघांनाही लिहिलंत, ‘तुमच्या कवितेतला अनाहूत नाद’...”

“‘...मला दिवसभर ऐकू येतो.’ हो. एकच वाक्य चौघांना. खरं होतं म्हणून लिहिलं. चारही वेळा खरं होतं. शब्द चुकीचा आहे हे मॅडमनी सांगेपर्यंत मला माहीतही नव्हतं.”

मुद्रितशोधक हलक्या आवाजात म्हणाला, “मग कागद का घेतलात?”

“घड्याळजींसाठी. ते या गावात आले ते पत्र लिहिणारी शोधायला. आल्या आल्या इथे वर्गणीदार झाले. समोर उभे राहून नाव सांगितलं, तेव्हा माझ्या हातातला शिक्का खाली पडला. त्या दिवसापासून मी पत्रं बंद केली. कागदावरची मी बरी होते हो. काउंटरवरची बघून त्यांना काय वाटलं असतं? आणि वरून कळलं असतं, की तेच वाक्य आणखी तिघांना गेलंय! त्यांचं सगळं पुस्तक त्या एका वाक्यावर उभं आहे. त्यांना वाटतं ते फक्त त्यांच्यासाठी होतं. पंचवीस वर्षं मी त्यांना पुस्तकं देते आणि घेते. दुसरं काही बोलले नाही.”

“मॅडम काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘तुमचं नाव लिहू? नको असेल तर नाही लिहिणार.’ मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत विचार करू दे. मग म्हणाल्या, ‘बाई, मला जरा बरं वाटत नाही. पाणी देता?’ पाण्याचं भांडं खाली. मी धावत गेले, धावत आले. दोन मिनिटं. फार तर दोन मिनिटं लागली असतील.” त्या रडत नव्हत्या, पण शब्द एकमेकांवर आदळत होते. “शिपायाला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. त्या येईपर्यंत मी इथे उभी. कागद समोर. मनात आलं, मॅडमनी शब्द पाळला असता. आता हा कागद वाचणारा पाळेल कशावरून? घडी केली आणि ठेवला. पेटी आत नेली. चिठ्ठी फाडली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.”

मुद्रितशोधकानं कागद उलगडला. हिरव्या शाईतला तक्ता. खोडलेल्या ओळी. शेवटी चार रकान्यांत ‘अनाहूत’ आणि त्याखाली एकच ओळ: ‘एकच वाचक. नाव: ______ (त्यांना विचारून).’

ती रिकामी रेघ त्यानं बाईंपुढे सरकवली.

बाई उठल्या. “आधी घड्याळजींना सांगायला हवं. तुम्ही चला बरोबर. नाहीतर माझे पाय कोपऱ्यावरूनच मागे फिरतील.”

७

घड्याळजींनी दोघांना पायरीवर पाहिलं आणि डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. दुकानात एकच स्टूल होतं. बाई बसल्या नाहीत. कागद त्यांनी काउंटरच्या काचेवर ठेवला आणि हात मागे घेतला.

घड्याळजींनी वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले. वाचून झाल्यावरही मान वर केली नाही.

“ती पत्रं मी लिहायचे,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्हाला एकट्याला नाही. तिघांनाही.”

“तिघांची पुस्तकं वाचलीत मी. चांगली आहेत. गणितवालीचं तर माझ्याहून चांगलं आहे.”

“म्हणजे तुम्हाला...”

“शब्द चुकलाय हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं, बाई. शब्दकोश आहे माझ्याकडे. पण मी पंधरा वर्षं एक ओळ लिहिली नव्हती आणि कुणीही न बोलावता एक पत्र आलं. त्याला दुसरा कुठला शब्द लावणार?” आता त्यांनी मान वर केली. “आणि वर्गणी भरली त्याच दिवशी मी वाचनकक्षात गेलो. पाटी वाचली.”

बाईंनी काचेची कड घट्ट धरली. “त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी.”

“मग पंचवीस वर्षं बोलला का नाहीत?”

“मी आलो आणि पत्रं थांबली.” घड्याळजींची बोटं बशीतले बारीक स्क्रू उगाचच इकडे तिकडे करत होती. “मला वाटलं, माझं येणं तुम्हाला आवडलं नाही. तुम्ही कुठे बोलावलं होतं मला? म्हटलं, आलोच आहोत तर निदान त्रास तरी नको द्यायला. मग संस्थेला सांगितलं, घड्याळाला चावी मी देत जाईन. मंगळवारी जिना चढताना तुम्ही दिसायचात. तेवढं पुरायचं. पुरायचं म्हणजे... पुरवलं.”

समोरच्या पोस्टात शिक्के मारल्याचा आवाज येत होता, एकामागून एक. बाईंनी हळूच स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

“पेन आहे का?” त्यांनी विचारलं.

घड्याळजींनी दिलं. बाईंनी रिकाम्या रेघेवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मुद्रितशोधकानं ते पहिल्यांदाच वाचलं. घड्याळजींनी वाचलं, ओठांत म्हणून पाहिलं.

“शब्द दुरुस्त करायचा का?” बाईंनी मुद्रितशोधकाला विचारलं. “छापताना?”

“नाही,” तो म्हणाला. “असंच हवं.”

कागद घेऊन तो बाहेर पडला. त्याला थांबा असं कुणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

८

भाऊ बहिणीच्या घरी खोकी भरत होता. अर्धी कपाटं रिकामी झाली होती. मुद्रितशोधकानं खोक्यांमधून वाट काढत जाऊन कागद त्याच्या हातात दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाईंचं काही झाकलं नाही की वाढवून सांगितलं नाही. भावानं तक्ता वरून खाली वाचला. फारसं कळलं नसावं. नीट घडी घालून त्यानं तो खिशात ठेवला, पुन्हा काढला, मुद्रितशोधकाला परत दिला.

“तुमच्याकडेच असू दे. पुस्तकात लागेल.”

“बाईंवर तक्रार करायची असेल तर...”

“नाही हो.” तो खोक्याला दोरी बांधू लागला. गाठ दोनदा सुटली. “काका, मी तुम्हाला कागद शोधायला सांगितला. पण मला विचारायचं होतं ते दुसरंच. तोंडातून येत नव्हतं.”

“विचार.”

“ताई गेली तेव्हा एकटीच होती का?”

मुद्रितशोधकाला खोटं बोलता आलं असतं. बाई शेजारीच होत्या म्हणाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण आयुष्यभर चुकीवर बोट ठेवणं हेच काम केलेलं.

“बाईंनी हात धरला होता तिचा. मग तिनं पाणी मागितलं, तर त्या आणायला धावल्या. त्या दोन मिनिटांत कुणी नव्हतं.”

भावाच्या हातातली दोरी तशीच राहिली.

“पण कुणीतरी पाणी घेऊन येतंय, हे तिला माहीत होतं,” तो शेवटी म्हणाला. विचारत होता की सांगत होता, ते कळेना.

“हो. लाकडी जिना आहे तिथे. पावलं वर ऐकू येतात.”

भावानं दोन-तीनदा मान हलवली. मग तो होता तिथेच खोक्यांच्या मधे खाली बसला, आणि मंगळवारपासून न रडलेला तो माणूस आता तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडू लागला. मुद्रितशोधकानं एक खोकं बाजूला सरकवलं, गुडघे धरत धरत वाकला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.